रंगाचं पाणी नालीत ओतण्याआधी

गोंदियात धानाच्या भुशाला कोणी विचारत नाही, असं नाही. राइस मिलवाले तो बॉयलरखाली जाळतात, वीटभट्टीवाले नेतात. तरीही क्विंटलभर धान भरडलं की 20 किलोच्या आसपास भुसा निघतो, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात त्याची टंचाई व्हायची नाही. त्यातला पोतंभर भुसा आणखी एका कामाला लावा, एवढीच विनंती आहे. साड्या, ओढण्या, कोशाचा धागा रंगवणाऱ्यांना आणि विज्ञानाच्या शिक्षकांना तर विशेष करून.

रंगवून झालं की उरलेलं पाणी आपण सरळ नालीत ओततो. सुती कापडाला लावतात त्या रिअॅक्टिव्ह रंगांचा बराच भाग धाग्याला धरतच नाही; कधी दहा टक्के, कधी निम्म्याजवळ पाण्यातच राहतो. ते पाणी पांगोलीतून बाघ नदीत आणि पुढे वैनगंगेत जातं. गावात असलात तर मामा तलावात, जिथे ढिवर बांधव मासे धरतात, शिंगाडा लावतात. रंगीत पाण्यात ऊन खोल पोचत नाही, पाण्यातली वनस्पती अशक्त होते, प्राणवायू घटतो. इचलकरंजीच्या रंगाच्या पाण्याने पंचगंगेची काय गत केली, ते सगळ्यांनी पाहिलं. आपल्याकडे तेवढे कारखाने नाहीत, म्हणून सवय बदलायला हीच वेळ बरी.

आता भुशाचं काम. भुसा म्हणजे वरचं कडक टरफल. ढोरांना घालतो तो बारीक कोंडा नको, तो पाण्यात सडतो. भुशाचा पृष्ठभाग पाण्यात ऋण भार धरतो, त्यामुळे धन भाराचे रंग त्याला चिकटतात. मिथिलीन ब्ल्यू आणि मॅलाकाइट ग्रीन हे त्यातले. शाळेत हा प्रयोग सहज होतो: भुसा दोन-तीनदा धुवा (नाहीतर त्याचाच पिवळट रंग पाण्यात उतरतो), उन्हात वाळवा, फिकट निळ्या पाण्यात टाकून ढवळत राहा. निळेपणा उतरताना मुलांना डोळ्यांनी दिसेल.

पण भुशाचं कौतुक करणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. कापडाचे रिअॅक्टिव्ह रंग आणि रेशमाचे अॅसिड रंग ऋण भाराचे असतात. कच्चा भुसा त्यांना फारसा जवळ करत नाही. तिथे कोळसा लागतो. मिलच्या बॉयलरची काळी राख, म्हणजे जिच्यात न जळलेला कोळसा उरलाय ती, काही प्रमाणात उपयोगी पडते. पांढरी राख बहुतेक सिलिकाच असते, तिच्यावर विसंबू नका. म्हणून राखेच्या गाळणीचा ड्रम भरण्याआधी तुमचंच पाणी पेल्यात घ्या, त्यात चमचाभर धुतलेली राख टाका, तासाभराने फडक्यातून गाळून बघा. फरक दिसला तरच पुढचा खटाटोप: खाली गिट्टी, वर वाळू, मग राख, आणि पाणी अगदी हळू सोडायचं. घाईने ओतलेलं पाणी रंगासकट खाली येतं.

निवळलेलं पाणी शुद्ध समजू नका. मीठ, सोडा, तुरटी त्यात तशीच असते. ते ढोरांना पाजू नये, विहिरीजवळ किंवा बांधीत सोडू नये. पुढच्या रंगाची पहिली धुवण मात्र त्यात काढता येते.

आणि रंग नाहीसा झालेला नसतो, तो फक्त भुशात किंवा राखेत जाऊन बसलेला असतो. हा भुसा शेणखड्यात टाकला तर पावसाळ्यात रंग पुन्हा वाहील, चुलीत घातला तर धूर घरात येईल. भुसा असो की राख, वाळवून झाकणाच्या पिंपात वेगळं साठवा आणि नगरपरिषदेकडे घातक कचरा म्हणून द्या. रंगात क्रोम किंवा तांबं असेल तर यात हयगय नकोच.

कोणी म्हणेल, मग इचलकरंजीलाच भुसा पाठवू. घनमीटरभर भुसा जेमतेम शंभर किलो भरतो. ट्रकभर हवाच न्यावी लागेल. त्यांच्याकडे उसाचं चिपाड आहे, त्यांनी ते बघावं.

रोज शेकडो लिटर रंगवणाऱ्यांनी मात्र या ड्रमच्या आडोशाला उभं राहू नये. त्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि रीतसर शुद्धीकरण यंत्रणा लागते. मिलमालकांनी जवळच्या शाळेला पोतंभर भुसा आणि बादलीभर काळी राख द्यावी. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्याशिवाय कोणता रंग कशाला धरतो हे मुलांना कळणार नाही.