आधीच ठाऊक असलेलं

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर दारांना कुलपं दिसू लागतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारची माणसं ट्रॉलीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल कधीच घेऊन खर्चून झालेली असते. ती फिटेपर्यंत तोडायचं. विचारलं तर म्हणतात, नशिबातच कोयता आहे. यंदाच्या अंकाला ‘ठरलेलं आणि ठरवलेलं’ हा विषय घेतला तो या उत्तराला कंटाळून.

कर्मविपाकावर नि तकदिरीवर मराठीत पोत्यानं लिहून झालंय. बायबलकडे मात्र या प्रश्नासाठी आपण फारसे जात नाही. खरं तर शेजारच्या नगरला अमेरिकन मिशनरी १८३१पासून ठाण मांडून होते. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ काढणारी ही मंडळी कॅल्व्हिनच्या परंपरेतली. कोण तरणार हे देवानं जगाच्या आरंभाआधीच निवडलंय, असं मानणारी ही परंपरा. आणि तिचीच माणसं ‘पश्चात्ताप करा’ सांगत गावोगाव उन्हातान्हात फिरली. निवड झालीच असेल तर फिरायचं कशाला? तर फिरणंही ठरलेलंच, असं त्यावरचं उत्तर. तर्क चिरेबंदी आहे, पण त्यात माझा जीव गुदमरतो.

मूळ ग्रंथ त्या मानानं कितीतरी मोकळा. पहिल्या शमुवेलाच्या तेविसाव्या अध्यायात, शौल राजा जिवावर उठलेला दावीद कईला नावाच्या गावी असतो. देवाला विचारतो, शौल इथे येईल का? येईल. गावकरी मला त्याच्या हाती देतील का? देतील. एवढं ऐकून दावीद आपली माणसं घेऊन गाव सोडतो, शौल मोहीम रद्द करतो. देवानं सांगितलेलं काहीच घडत नाही, आणि तरी देव खोटा ठरत नाही. योनाची गोष्ट आणखी गमतीची. चाळीस दिवसांत निनवे उलथून पडेल, अशी दवंडी तो पिटतो. राजासकट सगळं शहर गोणपाट पांघरून बसतं, देवाचं मन वळतं, नि योना रुसतो. भाकीत चुकून माणसं वाचली याचं दुःख झालेला तो काही एकटाच ज्योतिषी नसावा.

याच्या उलटही आहे, ते दडवण्यात अर्थ नाही. पौल रोमकरांना लिहितो की मातीनं कुंभाराला जाब विचारू नये. तेरच्या गोरोबाकाकांच्या मुलखाशेजारी वाढलेल्या आम्हांला कुंभार असा बोलेल हे पचायला जड जातं. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातला कुंभार मात्र बिघडलेला गोळा पुन्हा चाकावर घेतो, आणि देश वळला तर मीही वळेन, असं देव तिथं म्हणतो. उरतो येशूला धरून देणारा यहूदा. त्याचा दगा भाकितात होता आणि दोषही त्याच्याच माथी. ही गाठ माझ्यानं सुटत नाही.

आम्हा दुष्काळी माणसांना सगळ्यांत जवळचा योसेफ, मिसरच्या फारोचा, म्हणजे राजाचा, कारभारी. सात वर्षं सुकाळाची, मग सात दुष्काळाची, हे कळल्यावर तो कपाळाला हात लावत नाही. सुकाळातल्या पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरून ठेवतो. बीडची खजाना विहीर निजामशाहीत बांधणाऱ्यांनीही पाऊस दगा देणार हे धरूनच ती बांधली असणार.

पण योसेफाचा उत्तरार्ध, म्हणजे उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय, प्रवचनांत सहसा येत नाही. भुकेले लोक कोठाराशी येतात. योसेफ धान्य देतो: आधी पैसे घेऊन, मग गुरं घेऊन, मग जमिनी, आणि शेवटी माणसंच फारोची गुलाम. धान्य त्यांच्याच रानातलं. पुढे दर पिकाचा पाचवा हिस्सा फारोचा, कायमचा. कईलात देवाला जे ठाऊक होतं ते त्यानं दाविदाला सांगून टाकलं, आणि दावीद मोकळा झाला. मिसरात ते फारो नि त्याच्या सेवकांपुढे बोललं गेलं. पेरणाऱ्यांना कुणी सांगितल्याचा उल्लेख नाही.

श्रावणात कुठल्या घरात दाणा उरणार नाही, कुणाचं दुबार पेरणीचं बियाणं वाया जाईल, कुणाच्या मुलीचं लग्न निघालंय, हे मुकादमाला चांगलं ठाऊक असतं. उचल नेमकी त्याच आठवड्यात दारात येते.