सनद मिळाली, पोटाचे काय?

कायद्याने दार उघडले की समता आली, असे मानणारा एक सुखवस्तू वर्ग आहे. इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. शार्लट रे या अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री वकील. १८७२ साली त्यांना वॉशिंग्टनमध्ये सनद मिळाली; परंतु वर्ण आणि स्त्रीत्व या दुहेरी पूर्वग्रहापुढे वकिली टिकेना, आणि अखेर त्या न्यूयॉर्कला शिक्षिका झाल्या.

आपल्याकडे तर सनदेचीच वानवा होती. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. स्त्रियांना पदवी देण्यास ते विद्यापीठ १९२० साली राजी झाले. १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहांना सनद नाकारली. १९२३च्या कायद्याने ही आडकाठी दूर केली. मात्र सोराबजींच्या पाठीशी इंग्रज आश्रयदाते होते. प्रवरेकाठच्या कोल्हारमधील शेतमजुराच्या मुलीच्या पाठीशी कोण आहे?

ती आज सनद मिळवू शकते. परंतु ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली, बहुधा नाममात्र मोबदल्यावर, उमेदवारीची वर्षे तिने कशावर काढावीत? बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ साली ग्रामीण भागातील कनिष्ठ वकिलांना दरमहा किमान १५ हजार रुपये विद्यावेतन देण्याची शिफारस केली. ती बंधनकारक नाही. शिफारशीवर चूल पेटत नाही. हे वेतन सक्तीचे व्हावे. ज्येष्ठांस झेपत नसेल तेथे शासनाने भार उचलावा. अन्यथा सनद सर्वांची आणि वकिली ऐपतवाल्यांची, हेच चालू राहील.