आधी चीक, मग कौतुक

मैत्रिणींनो, आपल्या पहूर-जामनेर भागात गाय व्याली की आधी वासराला चीक पाजतात, उरला तर खरवस होतो. हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. मग घरातली लेक-सून बाळंत झाली की हे शहाणपण कुठं जातं? ‘पहिलं दूध पिवळं आहे, पिळून टाक’, ‘आधी मधाचं बोट चाटव’, ‘आत्या येऊन गुटी देईल, तोवर थांब’, असं अजूनही ऐकू येतं.

ते पिवळं, घट्ट दूध म्हणजेच बाळाचा चीक. असतो थोडाच, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. रोगाशी लढायची ताकद त्यात असते. उलट मधातून, गुटीच्या सहाणेवरून जंतू पोटात जातात. म्हणून जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजावं आणि सहा महिने दुसरं काही देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाणीसुद्धा नाही! जळगावचा मे महिना असला तरी नाही. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं. बाळाला फक्त जास्त वेळा पाजायचं.

आता जरा विचार करा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात शंभरातली सुमारे 95 बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण पहिल्या तासात आईचं दूध मिळतं ते जेमतेम निम्म्या बाळांना. म्हणजे दवाखाना गाठला, तरी ती घडी हातची जाते. बाळ दुपट्यात गुंडाळून नातेवाइकांच्या हातोहात फिरतं आणि आई एकटी खाटेवर पडून असते. सिझेरियन झालं तर ‘हिला कुठं जमणार’ म्हणून बाटली पुढे येते. आधार दिला तर तिलाही पाजता येतं.

वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी बहुतेक पहिल्या महिन्यातच जातात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाला ऊब देणं, अंगावर पाजायला मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं. तिथं महिन्याच्या आतले बालमृत्यू 1993-95 मध्ये हजारी 62 होते, ते 1997-98 मध्ये सुमारे 25 वर आले. 2011 पासून देशभर आशाताई याच कामासाठी बाळंतिणीच्या घरी येतात. तिला ओट्यावरून परत पाठवू नका.

दूध एकटं सगळं करत नाही, हेही खरं. मुलीचं लग्न कोवळ्या वयात झालं, गरोदरपणी तिच्या ताटात शेवटची भाकरी आली, दोन बाळंतपणांत अंतर राहिलं नाही, तर बाळ कमी वजनाचं होतं. अशा बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ऊब द्यावी. बाळ दूध ओढेना, अंग गार पडलं, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर दृष्ट काढत बसू नका. तडक दवाखाना गाठा, 108 ला फोन करा.

‘आईनं नीट पाजलं नाही’ हा ठपका ठेवणं सोपं असतं. पण पहिल्या तासात त्या माउलीच्या हाती काय असतं? तेव्हा शब्द चालतो तो सासूबाईंचा, आत्याबाईंचा, नवऱ्याचा. तुमच्या घरी पाळणा हलणार असेल, तर आजच बसून ठरवा, दवाखान्यात डॉक्टरांना, सिस्टरला आधीच सांगून ठेवा: बाळ आधी आईजवळ, पेढे नंतर.