कलावंतांना वयोमर्यादा कोणाची?

म्हाताऱ्या माणसांनी विजेची गिटार गळ्यात अडकवून रंगमंचावर धावू नये, असा एक नवा शिष्टाचार आमच्या सुशिक्षित मराठी मंडळींत रूढ होऊ पाहत आहे. इंग्लंड-अमेरिकेतला एखादा जुना वाद्यवृंद भारतात येणार अशी वार्ता आली, की बदलीच्या गावी एकत्र जमणाऱ्या आमच्या बैठकीत कोणीतरी हमखास उद्गारतो, ‘आता या आजोबांनी घरी बसावे!’ बाकीचे हसतात. आम्हांस या हसण्याचा राग येतो. आणि तो का येतो, हे एकदा सांगितलेच पाहिजे.

घरी बसावे, ते कोणत्या वयापासून? आपणा केंद्र सरकारच्या नोकरांना याचे उत्तर तोंडपाठ असते. मूलभूत नियम ५६ अन्वये साठाव्या वर्षी. १९९८ पूर्वी ही मर्यादा अठ्ठावन्न होती, आणि १९६२ च्या डिसेंबरापूर्वी पंचावन्न. गंमत अशी, की त्याच १९६२ साली, जुलै महिन्यात, रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाने लंडनमध्ये आपला पहिला जलसा केला. हीच मंडळी ४ एप्रिल २००३ रोजी येथे बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर पावसात वाजवून गेली. तेव्हा गायक मिक जॅगर एकोणसाठ वर्षांचा होता, म्हणजे सरकारी हिशेबाने त्याची जेमतेम चार महिन्यांची नोकरी उरली होती. ड्रम वाजविणारे चार्ली वॉट्स एकसष्टीचे. त्यांचे निवृत्तिवेतन केव्हाच सुरू व्हावयास हवे होते! २०२१ साली त्यांचे निधन झाले. त्याच्या दोनच वर्षे आधीपर्यंत ते जाहीर जलशांत वाजवीत होते.

परंतु टीकाकारांना साठीचीही वाट पाहावयाची नसते. १९७६-७७ च्या सुमारास लंडनमध्ये पंक नावाचे बंड झाले. दोन-तीन सुरावटी जुळविता आल्या की पुरे, उस्ताद नको आणि वर्षानुवर्षांची तालीमही नको, असे म्हणणारी ती पोरे. त्यांनी ज्यांना म्हातारे म्हणून निकालात काढले, त्यांत हाच जॅगर होता. त्या वेळी त्याचे वय होते तेहतीस-चौतीस! प्रस्तुत लेखकाचे वय याहून अधिक आहे, आणि आमच्या कचेरीत आम्हांस अजून ‘नवे’ म्हणतात.

त्याच पंकच्या धामधुमीत आयर्न मेडन हा वाद्यवृंद लंडनच्या पूर्व भागात धडपडत होता. स्टीव्ह हॅरिस या तरुणाने तो १९७५ च्या नाताळात उभा केला. हा गृहस्थ आधी एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढीत असे. म्हणजे आपल्याच बिरादरीतला. केस कापा, पंक वाजवा, म्हणजे तुमची तबकडी काढू, असा सल्ला त्यांना व्यापाऱ्यांनी दिला. त्यांनी तो मानला नाही. पहिली तबकडी निघावयास १९८० साल उजाडले. आणि ही मंडळी बंगळुरात आली ती १७ मार्च २००७ रोजी. हॅरिसला एकावन्नावे वर्ष पुरे होऊन पाच दिवस झाले होते, ड्रमवादक निको मॅकब्रेन चोपन्न वर्षांचा होता.

त्या रात्री पॅलेस ग्राउंड्सच्या धुळीत आम्ही होतो. ईशान्य भारतातून दोन-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून आलेली मुले आमच्या शेजारी उभी होती. आम्ही जे पाहिले त्यात केविलवाणे असे काहीही नव्हते. केवळ जुन्या गाण्यांची उजळणी करून पैसे गोळा करावयाचे असते, तर ते त्यांना सहज शक्य होते. उलट आदल्या वर्षी निघालेल्या नव्या तबकडीतील गाणी त्यांनी हट्टाने ऐकविली. त्याच दौऱ्याच्या आरंभी तर परदेशांत त्यांनी ती अख्खी तबकडी ओळीने वाजविली होती, आणि जुनीच गाणी हवीत म्हणून श्रोते कुरकुरले होते. तेव्हा भूतकाळाला चिकटून बसलेले कोण, कलावंत की श्रोते?

यावर आमचे मित्र म्हणतात, की ख्यालगायकी वयाबरोबर पिकते. हे धांगडधिंग्याचे संगीत म्हणजे तारुण्याचा जोश, तो ओसरला की संपले. गंगूबाई हनगल यांनी २००६ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी हुबळीस शेवटची जाहीर मैफल केली, तिच्यापुढे हेच मित्र हात जोडतात. आम्हीही जोडतो. पण मग बालगंधर्वांचे काय करावयाचे? ती तर देहाची कला होती. उतारवयातही त्यांनी शालू नेसला, आणि आमच्या आजोबांनी तिकिटे काढली. त्यांनी थांबावे असे म्हणणारे तेव्हाही होते. त्यांची नावे आज कोणाच्या ध्यानात आहेत?

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. खिशात पैसा खुळखुळणाऱ्या माणसाने बंडखोरीची गाणी म्हणणे हे ढोंग नव्हे काय? ‘एकच प्याला’तील सिंधूला पाहून महाराष्ट्र रडला, तेव्हा सिंधूचे काम करणाऱ्या पुरुषाचा नवरा खरोखरच दारुडा आहे काय, अशी चौकशी कोणी केली नव्हती. गाण्यातला संताप गाण्यात खरा असला म्हणजे झाले. तो गायकाच्या बँकेच्या पुस्तकात शोधावयाचा नसतो.

खरे दुखणे निराळेच आहे. ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ असे म्हणावयास पूर्वीचे ऐकलेले असावे लागते. पंकच्या लाटेत निघालेला पोलीस हा वाद्यवृंद २६ मार्च १९८० रोजी मुंबईच्या रंगभवनात वाजवून गेला. ऐन भरातला इंग्लिश वाद्यवृंद आपल्याकडे येणे ही त्या काळी अपूर्वाई होती. परकीय चलनाचे निर्बंध सैल झाले १९९१ नंतर, आणि बंगळूरला हे पाहुणे नियमाने येऊ लागले ते त्याच्याही पुढे. तोवर जे तरुण होते ते प्रौढ झाले होते. आमच्या वाट्याला ते आले ते असेच आले. लंडनच्या रसिकाने दोन्ही रूपे पाहिली, त्याने तुलना खुशाल करावी. सांगली-सोलापुरात मित्राच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली, घरघरणारी गाणी ऐकत वाढलेल्या माणसाने त्याची री ओढावी, हे आम्हांस उसने वैभव वाटते.

राहिला प्रश्न केव्हा थांबावयाचे याचा. जानेवारी २०२३ मध्ये निको मॅकब्रेनला अर्धांगाचा झटका आला. तो बरा झाला, पुन्हा वाजवू लागला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, साव पावलोच्या जलशानंतर त्याने आपण होऊन दौरे सोडले. त्याच्यावर कोणी आदेश बजावला नव्हता. त्याच्या जागी दुसरा ड्रमवादक घेऊन उरलेली मंडळी २०२५ च्या मे महिन्यात बुडापेस्टहून पन्नाशीच्या दौऱ्यावर निघाली. उद्या ती बंगळुरास आली, तर आम्ही रजेचा अर्ज टाकणार आहोत. बैठकीतल्या मित्रांना हसावयाचे असेल तर हसावे. फक्त आमच्या शेजारचे तिकीट काढून हसावे.