‘हिस्पॅनिक’ कोण आणि ‘लातिनो’ कोण?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील निवडणुकीची वार्ता वाचताना ‘हिस्पॅनिक’ व ‘लातिनो’ हे दोन शब्द वारंवार दृष्टीस पडतात. पुष्कळांची समजूत अशी की, दोहोंचा अर्थ एकच, आणि तो म्हणजे मेक्सिकोचे लोक. ही समजूत दूर व्हावी असे आम्हांस वाटते.

‘हिस्पॅनिक’ हा शब्द भाषेचा आहे. आयबेरियाच्या द्वीपकल्पास रोमन लोक हिस्पानिया म्हणत. त्यावरून स्पॅनिश भाषेशी ज्यांचे नाते, ते हिस्पॅनिक. ‘लातिनो’ हा शब्द भूमीचा आहे. ज्याचे मूळ लॅटिन अमेरिकेत, तो लातिनो, ती लातिना. म्हणून माद्रिदचा रहिवासी हिस्पॅनिक खरा, पण लातिनो नव्हे. उलट ब्राझीलचा माणूस लातिनो असूनही हिस्पॅनिक नव्हे, कारण त्याची भाषा पोर्तुगीज. आपल्या शेजारच्या गोव्यावर १९६१ पर्यंत ज्या पोर्तुगालची सत्ता होती, त्याचाच अंमल ब्राझीलवर १८२२ पर्यंत होता, एवढे स्मरले तरी पुरे. शिवाय या नावांचा वर्णाशी संबंध नाही. लातिनोंत आफ्रिकी वंशाचे आहेत, युरोपीय आहेत, पेरूत जाऊन वसलेल्या जपान्यांचे वंशजही आहेत.

यांतील सारेच बाहेरून अमेरिकेत आले, असेही नाही. १८४८ च्या तहान्वये मेक्सिकोने कॅलिफोर्नियासह विस्तीर्ण प्रदेश गमावला. तेथील माणसे घरीच राहिली. सीमा मात्र त्यांच्या घरावरून पुढे सरकली. सीमाभागातील वाचकांस याहून अधिक सांगावयास नको!

पुढची हकीकत आम्हांस विशेष मननीय वाटते. १९३० च्या शिरगणतीत ‘मेक्सिकन’ हा निराळा वंश म्हणून नोंदला गेला. गोऱ्यांपासून वेगळे काढले की हक्कही वेगळे होतात, हे जाणून त्या समाजाने व मेक्सिको सरकारने विरोध केला, आणि १९४० साली तो रकाना गेला. परंतु १९७० नंतर याच समाजाचे पुढारी आम्हांला वेगळे मोजा असा आग्रह धरू लागले. कारण जो मोजला जात नाही त्याचे दारिद्र्यही दिसत नाही. १९७६ साली तसा कायदा झाला आणि १९८० च्या शिरगणतीत हा प्रश्न प्रत्येकास विचारण्यात आला. २०२० मध्ये ही संख्या ६ कोटी २१ लक्ष भरली. रकाना तोच, पण एकदा तो लादलेला होता, एकदा मागून घेतलेला. नावाचा बरावाईटपणा आमच्या मते या भेदावर ठरतो.

अलीकडे स्त्रीपुरुषभेद टाळण्यासाठी ‘लातिनेक्स’ असा नवा शब्द काहींनी काढला आहे. हेतू चांगला आहे. परंतु २०२३ च्या एका पाहणीत त्या समाजातील शेकडा ४ प्रौढांनीच तो स्वतःस लावल्याचे सांगितले. पुष्कळजण ‘मी क्यूबन’, ‘मी मेक्सिकन’ असे देशाचेच नाव सांगतात. आपणही, माणसाचा देश ठाऊक असेल तर, तेच नाव घ्यावे. सर्वांचे मिळून नाव गणतीपुरते ठेवावे.

पण ग्वाटेमालाहून अमेरिकेत गेलेल्या माया कुटुंबाचे काय? त्यांच्या घरी किचे भाषा बोलतात. ती स्पॅनिश नव्हे, लॅटिनपासून निघालेलीही नव्हे. शिरगणतीचा कागद पुढे आला म्हणजे त्या घरच्या आजीने कोणत्या रकान्यात खूण करावी?