मोरीला बोळा, दरवाजा मोकळा!

रुग्णालयाच्या दाराशी रखवालदार असतो, औषधभांडाराला कुलूप असते. मात्र रुग्णांची सारी माहिती ज्या संगणकात साठवलेली असते, त्याचा पासवर्ड अनेकदा पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर कोणालाही वाचता येतो. अशा व्यवस्थेलाच आपल्याकडे ‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ म्हणतात.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये अशाच मोकळ्या दरवाजातून हल्लेखोर शिरले. पाच सर्व्हरवरील माहिती कुलूपबंद झाली आणि सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून तपासणी अहवालापर्यंतची कामे कागदावर करावी लागली. संगणकजाळ्याची योग्य विभागणी नसल्याने हे घडले, असे शासनाने पुढे राज्यसभेत सांगितले. त्याआधी जुलै २०१८ मध्ये वाशीच्या एमजीएम रुग्णालयाकडे अशाच हल्ल्यानंतर बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली होती. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला ग्रासले, तेव्हा हजाराहून अधिक निदानयंत्रेही बाधित झाली. त्या हल्ल्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध करून दिला होता. अनेक ठिकाणी तो बसवायचेच राहून गेले!

माहूरसारख्या डोंगरी तालुक्याला याचे काय, असे कोणी विचारील. दिल्लीत एका रुग्णालयाचे काम थांबले तर दुसरे जवळ सापडते. माहूरच्या अत्यवस्थ रुग्णाला मात्र नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठण्यासाठी सुमारे सव्वाशे किलोमीटर जावे लागते. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीत ग्रामीण रुग्णालयातील एखादे यंत्र ऐन वेळी बंद पडले, तर त्याची किंमत कोण मोजणार?

यावरचे बरेचसे उपाय साध्या शिस्तीचे आहेत. उपचाराची यंत्रे कार्यालयीन संगणकांच्या जाळ्यापासून वेगळी ठेवावीत. बाहेरचा पेन ड्राइव्ह त्यांना लावू देऊ नये. माहितीची एक प्रत रोज घेऊन जाळ्याबाहेर ठेवावी. यंत्र खरेदी करतानाच सुरक्षाविषयक सुधारणा किती वर्षे मिळणार, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. हल्ला झालाच, तर २०२२ च्या निर्देशांनुसार सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे, हेही कर्मचाऱ्यांना ठाऊक असावे.

आपल्यापैकी जे रुग्ण कल्याण समितीवर वा धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर असतील, त्यांनी पुढच्या बैठकीत तीन प्रश्न अवश्य विचारावेत. आपली कोणती यंत्रे इंटरनेटला जोडलेली आहेत? माहितीची प्रत परत वापरता येते, याची खात्री शेवटची केव्हा केली? आणि उद्या सकाळी सारे पडदे काळे झाले, तर केसपेपरचे कोरे गठ्ठे कोणत्या कपाटात आहेत?