खापरखेड्यात खोबरेल कुठून आले?

केसांना खोबरेल लावणे ही अवघ्या महाराष्ट्राची प्राचीन परंपरा, असे समाजमाध्यमांवर ठामपणे सांगितले जाते. रत्नागिरीपुरते ते मान्य करता येईल. नागपूरजवळच्या खापरखेड्याचे काय? समुद्र शेकडो किलोमीटर दूर. भोवती कापूस, संत्री आणि औष्णिक वीजकेंद्राची धुरांडी. येथे नारळ आला तो प्रामुख्याने श्रीफळ म्हणून, देवापुढे.

मग डोक्याला काय लावत? पहिला पुरावा भाषेतच आहे. 'तेल' हा शब्द 'तैल'वरून आला आणि 'तैल' म्हणजे मुळात तिळाचे. आयुर्वेदाच्या संहितांनीही तेलांमध्ये तिळाच्या तेलालाच अग्रस्थान दिले. विदर्भ हा तर तीळ-जवसाचा मुलूख.

1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोहोचला आणि किनाऱ्याचा माल आत येणे सुकर झाले. तरीही खोबरेल घरोघरी नेण्याचे मोठे श्रेय वेष्टनाला द्यावे लागते. 'पॅराशूट' पत्र्याच्या डब्यातून प्लास्टिकच्या बाटलीत आणताना दुकानदारांना भीती होती उंदरांची: चौकोनी बाटलीचे कोपरे ते कुरतडत. म्हणून बाटली गोल झाली! परंपरांच्या इतिहासात उंदरांनाही स्थान असते ते असे.

'विज्ञानाने परंपरा सिद्ध केली' हा पुढचा दावा अधिक सावधपणे तपासावा लागेल. रेले आणि मोहिले यांच्या 2003 च्या शोधनिबंधात खोबरेल, सूर्यफूल तेल व खनिज तेल यांची तुलना आहे. केसांतील प्रथिनांची झीज लक्षणीयरीत्या कमी केली ती केवळ खोबरेलाने. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो, असे त्याचे स्पष्टीकरण. निष्कर्ष महत्त्वाचा आहे; परंतु संशोधन 'पॅराशूट' विकणाऱ्या मॅरिकोच्याच प्रयोगशाळेतले होते आणि त्या तुलनेत तिळाचे तेल नव्हतेच. खोबरेलाच्या प्रयोगावरून विदर्भाच्या जुन्या तेलाचे गुण सांगणे हा इतिहास नव्हे, जाहिरात आहे.

खोबरेल खाद्यतेल की केशतेल, हा करविषयक वाद डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिटला: खाद्यतेलाचे निकष पाळणाऱ्या लहान बाटल्याही, केशतेल म्हणून विकल्या जात नसतील तर, खाद्यतेलच. केरळच्या स्वयंपाकघराला हा निकाल स्वाभाविक वाटेल. खापरखेड्यात मात्र त्या बाटलीची जागा आरशाजवळच आहे. फोडणीला ती कोणी नेत नाही.